बाहुलीच्या परकर-पोलक्यासाठी गुळेदगुड्डचा खण: वर्षभराच्या शिवणकामानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या सहा वर्षांच्या नातीने आपल्या बाहुलीसाठी परकर-पोलके मागितले. गौरीच्या सणासाठी तिला स्वतःला खणाचा परकर शिवला होता, आणि बाहुली मात्र विकत आणली त्याच गुलाबी झग्यात बसून राहणार, हे तिला अजिबात पटत नव्हते. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी बरीच वर्षे मुलींना शिवण शिकवले आहे, त्यामुळे सव्वा वितीच्या बाहुलीचे कपडे म्हणजे एका दुपारचे काम, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात पहिल्याच पोलक्याला तीन दुपारी लागल्या. तेव्हापासून आजवर या एका बाहुलीसाठी तेवीस कपडे शिवून झाले, बेळगावच्या बाजारातून चार-पाच प्रकारची कापडे आणून पाहिली, आणि त्या सगळ्यांत जे कापड माझ्या मते या कामासाठी सर्वांत सरस ठरले, त्या हातमागाच्या खणाविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. नातवंडांसाठी घरी असे काही शिवू पाहणाऱ्यांना त्याचे गुण आणि दोष दोन्ही आधीच ठाऊक असावेत, एवढाच यामागे हेतू आहे.

कापडाकडे वळण्यापूर्वी बाहुलीचे माप सांगणे आवश्यक आहे, कारण सगळा प्रश्न मापाचाच आहे. १९५९ साली बाजारात आलेल्या बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंमी आहे, आणि त्यानंतर आलेल्या कित्येक बाहुल्या त्याच मापाच्या निघाल्या. नातीची बाहुलीही त्यांतलीच आहे. ही उंची मोठ्या माणसाच्या साधारण एक षष्ठांश भरते. याचा अर्थ असा की कापडावरचे एक सेंटिमीटरचे फूल बाहुलीच्या अंगावर सहा सेंटिमीटरच्या फुलासारखे दिसते. मी पहिला परकर घरात पडून असलेल्या छापील पॉपलिनचा शिवला. त्यावरची दोन-दोन सेंटिमीटरची फुले माझ्या हातात नाजूक दिसत होती; बाहुलीला परकर नेसवल्यावर तीच फुले बशीएवढी झाली आणि तो परकर न दिसता पलंगपोसाची खोळ दिसू लागली. शिवण सरळ होती, माप बरोबर होते, चुण्या सारख्या होत्या, तरीही कपडा खोटा वाटत होता. बाहुलीसाठी कापड निवडताना रंग आणि पोत यांच्याही आधी नक्षीचा आकार पाहावा लागतो, हे त्या परकराने मला शिकवले.

खण येथे उजवा ठरतो तो नेमका याच कारणाने. चोळीसाठी विणले जाणारे हे कापड मुळातच लहान जागेसाठी घडवलेले आहे. चोळीची बाही, पाठ, कटोरी असे सगळे तुकडे वीतभराचेच असल्यामुळे विणकरांनी त्यावरची बुट्टी पिढ्यान्‌पिढ्या बारीक ठेवली. बागलकोट जिल्ह्यात, बदामीच्या जवळ असलेल्या गुळेदगुड्ड या गावी हा खण विणला जातो आणि आमच्या भागात ओटी भरण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळीकडे तो लागतो. त्यावरच्या नक्षीला कन्नडमध्ये स्वतंत्र नावे आहेत. रथाच्या आकृतीला ‘तेरू’ म्हणतात, हत्तीच्या पावलासारख्या आकृतीला ‘आने हेज्जे’ म्हणतात. मी आणलेल्या हिरव्या खणावर आने हेज्जेची बुट्टी होती. पट्टी लावून मोजली तेव्हा एकेक बुट्टी चार मिलिमीटरच्या आत भरली. सहाने गुणले तरी ती अडीच सेंटिमीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणजे मोठ्या बाईच्या पोलक्यावर जशी बुट्टी शोभावी तशीच ती बाहुलीच्या पोलक्यावर दिसते. हे पोलके घातलेली बाहुली खिडकीत उभी केली तेव्हा शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारले की एवढ्या लहान नक्षीचे कापड कुठे मिळाले. ते त्यांच्याच कपाटातल्या खणासारखे आहे, हे त्यांना जवळ येईपर्यंत ओळखता आले नाही.

हा खण मी खडेबाजारातल्या एका जुन्या दुकानातून घेतला. मला मिळालेल्या खणाचा पन्हा ३१ इंच होता आणि मी अर्धा मीटर लांबी मागितली. बहुतेक दुकानांत खण चोळीपुरता कापून, त्रिकोणी घडी घालून ठेवलेला असतो. ती घडी ओटीत ठेवायला देखणी असते, परंतु बाहुलीच्या कपड्यांसाठी ती घेऊ नये, कारण तिच्या मोडी वर्षभरातही पूर्ण जात नाहीत आणि बाहुलीच्या परकरावर अशी एक आडवी मोड पडली तर ती ठिगळासारखी उठून दिसते. ठाणातून कापून द्या, असे स्पष्ट सांगावे. त्या दुकानदारांनी ते ठाण काउंटरवर पसरले, काठाशी समांतर धागा ओढून सरळ रेषेत कापून दिले आणि “अक्का, कशाला पाहिजे?” असे आपुलकीने विचारले. बाहुलीसाठी म्हणताच त्यांनी ठाण बदलून अधिक बारीक बुट्टीचे दुसरे काढून दाखवले. हे त्यांना करण्याची काहीच गरज नव्हती, आणि अर्ध्या मीटरच्या गिऱ्हाइकाला इतका वेळ देणारी दुकाने आता फारशी राहिलेली नाहीत.

सगळीकडे असाच अनुभव आला असता तर बरे झाले असते. दुसऱ्या एका दुकानातून, ज्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, मी लाल खण घेतला होता. तो सुती-रेशमी आहे, असे मला दोनदा विचारल्यावर दोनदा सांगण्यात आले. घरी येऊन कापड ओलसर केले आणि सुती कापडाला लागते तेवढ्या गरम इस्त्रीखाली धरले, तर काठाजवळचा चार बोटे भाग क्षणात आकसून चामड्यासारखा कडक झाला. मग मी कडेचे धागे सोडवून चिमट्यात धरून जाळून पाहिले. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ राखाडी राख ठेवतो. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर मात्र वितळून काळा कठीण मणी तयार होतो. माझ्याकडे उभ्या आणि आडव्या, दोन्ही धाग्यांचे मणीच झाले. पॉलिएस्टरचा खण विकण्यात गैर काही नाही, तो स्वस्त असतो, टिकतो आणि रंगही कमी सोडतो; पण ते सांगून विकावे. विशेषतः जी वस्तू लहान मुलाच्या हातात जाणार आहे, तिच्याविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरे मिळावे, ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही. खरेदीच्या वेळी कडेचे दोन धागे मागून घ्यावेत आणि घरी पाहून मगच इस्त्री हातात धरावी, असे मी आता सर्वांना सांगते.

अर्ध्या मीटरमध्ये किती कपडे होतात, हे कातर लावण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे. खणाचे काठ लांबीच्या बाजूने असतात आणि परकराचा काठ खाली आडवा हवा, म्हणून परकराचा घेर कापडाच्या लांबीवर घ्यावा लागतो. नातीच्या बाहुलीची कंबर नऊ सेंटिमीटर आहे. त्याच्या अडीचपट घेर धरला तर बावीस-तेवीस सेंटिमीटर होतात, त्यात शिवणीची माया मिळवली की चोवीस. पन्नास सेंटिमीटर लांबीत असे दोन तुकडे एका काठाला आणि दोन दुसऱ्या काठाला बसतात. परकराची उंची नेफा आणि दुमड धरून वीस सेंटिमीटर घेतली तरी ७९ सेंटिमीटरच्या पन्ह्यातून मधली जवळजवळ चाळीस सेंटिमीटरची पट्टी बिनकाठाची उरते, आणि तीतून पोलकी निघतात. माझ्या एका तुकड्यातून चार परकर आणि सहा पोलकी झाली. घेर तिप्पट किंवा चौपट घेण्याचा मोह आवरावा. खण ताठ असतो, त्याच्या चुण्या मलमलीसारख्या खाली पडत नाहीत, आणि जास्त घेर घेतला तर परकर घंटेसारखा फुगून बाहुलीला बसता येत नाही. काठाच्या बाबतीतही तोच विचार लागतो. माझ्या खणाचा काठ तीन सेंटिमीटरचा होता, म्हणजे बाहुलीच्या हिशेबाने अठरा सेंटिमीटरचा. मी त्यातला अर्धा आतल्या दुमडीत घेतला आणि अर्धाच बाहेर ठेवला. त्यामुळे परकराला खाली थोडे वजनही आले आणि तो नीट पडू लागला.

आता दोषांकडे वळते, कारण खणाचे दोष लहानसहान नाहीत. पहिला आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याची कड सुटते. कातर लावल्याबरोबर रेशमी धागे मोकळे होऊ लागतात, आणि बाहुलीच्या पोलक्याचा मुंडा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असल्यामुळे दोन-तीन मिलिमीटर धागे सुटले की मुंडाच उरत नाही. माझे पहिले पोलके असेच हातात विरघळले. शाळेत आम्ही मुलींना आधी कापा, मग शिवा असे शिकवत असू. या कापडाला तो क्रम उलटा करावा लागतो. मी पातळ पुठ्ठ्याचा साचा केला, खणाच्या उलट बाजूला त्याभोवती पेन्सिलने रेघ ओढली, त्याच रेघेवर बारीक टीप मारून घेतली आणि मगच रेघेबाहेर आठ मिलिमीटर माया ठेवून कापले. मोठ्या माणसाच्या ब्लाउजला ठेवतो तशी इंचभर माया येथे चालत नाही, कारण ती आत गोळा होऊन बाहुलीची कंबर जाड दिसते. आणि पाच मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर शिवण उसवते. आठ ठेवून, शिवण झाल्यावर ती पाचवर कापावी, हे प्रमाण मला योग्य वाटले. पांढरा गोंद पाण्यात कालवून कडेला लावण्याचा उपायही केला होता. त्याने कड सुटत नाही हे खरे, परंतु गोंद वाळल्यावर कापड टणक होते, सुई अडते आणि गडद रंगावर पांढुरका डाग राहतो. तो उपाय मी सोडून दिला.

दुसरा दोष माझ्या लक्षात आला नाही, तो नातीने शोधला. बाहुलीला पोलके घालताना ती म्हणाली, “आज्जी, हिचा हात अडकूलालाय बघ.” खणाची बुट्टी जादा उभ्या धाग्यांनी उठवलेली असते, आणि एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत तो धागा कापडाच्या मागच्या बाजूने सुटाच जातो. उलट बाजू उजेडात तिरकी धरली की हे सुटे धागे रांगेने दिसतात. माणसाच्या हाताला ते टोचतही नाहीत, पण बाहुलीची बोटे सुईच्या टोकाएवढी असतात, अंगठा बाजूला निघालेला असतो, आणि बाहीतून हात सरकवताना तो अंगठा नेमका त्या धाग्यात शिरतो. मूल घाईत ओढते आणि एक संपूर्ण रांग तटकन तुटते. मग पुढच्या बाजूची बुट्टी उसवून येते. माझ्या दोन पोलक्यांची पाठ याच प्रकारे गेली. यावर खरा उपाय एकच, संपूर्ण अस्तर. पांढऱ्या मलमलीचा तसाच तुकडा कापून खणाच्या सुलट बाजूवर ठेवावा, गळा, पाठीची उघडी बाजू आणि बाहीची कड यांवर टीप मारावी आणि मग पोलके उलटून घ्यावे. कडा आपोआप आत जातात, सुटे धागे झाकले जातात आणि गळ्याला वेगळी तिरकी पट्टी लावण्याची गरज राहत नाही; एवढ्या लहान गळ्याला ती पट्टी नीट बसवणे मला तरी आजवर जमलेले नाही. कपडे घालताना बाहुलीच्या हातावर बिस्किटाच्या पुड्याच्या गुळगुळीत कागदाची छोटी टोपी चढवायची, हात सरकला की ती काढून घ्यायची, ही युक्ती नातीला शिकवल्यापासून एकही पोलके फाटले नाही.

अस्तराचा आणखी एक उपयोग आहे आणि तो तिसऱ्या दोषाशी निगडित आहे. गडद खण रंग सोडतो. माझा हिरवा खण पहिल्या धुण्यात बादलीभर पाणी हिरवे करून गेला, दुसऱ्यात फिकट हिरवे, आणि पाचव्या वेळी पाणी जवळजवळ स्वच्छ निघाले. बाहुलीचे अंग मऊ प्लॅस्टिकचे असते, आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात घातलेल्या द्रव्यामुळे कापडातला सुटा रंग त्यात खोलवर शिरतो. तो वर बसलेला डाग नसल्यामुळे साबणाने जात नाही. एका न धुतलेल्या गडद परकराने बाहुलीच्या कमरेभोवती आलेला हिरवट पट्टा आजही तसाच आहे, आणि उन्हाळ्यात खिडकीत ठेवल्यामुळे तो अधिकच पक्का झाला. मिठाच्या पाण्यात भिजवूनही पाहिले. माझ्या खणाला त्याने फरक पडला नाही. शिवण्यापूर्वी थंड पाण्यात चार-पाच वेळा धुवावे, सावलीत वाळवावे आणि शेवटी पांढरा ओला फडका कापडावर ठेवून त्यावरून कोमट इस्त्री फिरवावी. फडका पांढरा राहिला तरच कातर लावावी. धुतल्यामुळे खणाचा ताठपणाही थोडा उतरतो आणि कापड आकसायचे असेल तर शिवण्याआधीच आकसून जाते.

शिवण्याच्या साधनांविषयी थोडक्यात लिहिते. माझ्याकडे हाताने फिरवायचे काळे जुने मशीन आहे आणि बाहुलीच्या कपड्यांसाठी त्याहून चांगले साधन मला दिसत नाही, कारण त्यावर एकेक टाका मोजून घालता येतो आणि मुंड्याच्या वळणावर चाक अर्ध्यावर थांबवून कापड वळवता येते. घरात नेहमी असणारी १६ नंबरची सुई खणात छिद्रे पाडते. ११ नंबरची घ्यावी, मलमलीसाठी ९ चालते. इंचाला पंधरा ते अठरा टाके येतील एवढा टाका लहान करावा. कापडाची सुरुवातीची कड मशीनच्या छिद्रात ओढली जाते, तिच्याखाली पातळ कागदाचा तुकडा धरून शिवावे आणि मग कागद फाडून काढावा. मुलाने हौसेने ऑनलाइन मागवलेले बॅटरीचे चिमुकले मशीनही वापरून पाहिले. ते एकाच दोऱ्याने साखळी टाका घालते, आणि त्या टाक्याचे सुटे टोक चुकून ओढले गेले की पूर्ण शिवण सरसर उसवते. लहान मुलाच्या खेळण्यात टोक ओढले जाणारच. त्यापेक्षा हाताने घातलेली उलटी टीप कितीतरी मजबूत असते. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी निःशंकपणे सगळे कपडे हातानेच शिवावेत. नेफ्यापासून दुमडीपर्यंत एक परकर हाताने शिवायला मला पावणेदोन तास लागले, आणि तो मशीनच्या परकराइतकाच टिकला आहे.

इतर कापडांशी तुलना करायची तर इलकलपासून सुरुवात करावी लागेल, कारण बेळगावात साडीचा विषय निघाला की इलकल येणारच. माझ्या एका जुन्या इलकलचा जरीचा भाग विरला होता, तिचे बारीक चौकड्यांचे अंग बाहुलीच्या लुगड्यासाठी उत्तम निघाले. तिच्या पदराचा मात्र उपयोग होत नाही. ‘तोपतेने’ म्हणजे ज्वारीच्या कणसासारखी पदरावरची जी नक्षी, तीच इलकलची ओळख आहे, आणि बाहुलीच्या खांद्यावर त्यातले एक-दीड कणीससुद्धा मावत नाही. नऊवारीचा हिशेबही येथेच सांगते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचा सहावा भाग सुमारे १३७ सेंटिमीटर आणि पन्हा वीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. मी तेवढ्या मापाचे लुगडे खरोखर कापले आणि नेसवले. बाहुली कमरेखाली लोडासारखी झाली, कारण लांबी-रुंदी सहापट कमी करता येते, कापडाची जाडी करता येत नाही. मग लांबी कमी करत करत सत्तर सेंटिमीटरवर आणली, मागचा काष्टा वेगळा शिवून जोडला आणि निऱ्या आतून दोन टाक्यांनी पक्क्या केल्या, तेव्हा कुठे नऊवारीचे रूप आले. नेसवण्याची हौस नातीला आहे, पण तिच्या बोटांना निऱ्या धरता येत नाहीत, त्यामुळे शिवलेली नऊवारीच बरी.

वडगाव-खासबाग भागात विणलेल्या साड्यांचे कटपीसही आणून पाहिले. त्यांतले साधे, बिननक्षीचे सुती तुकडे मुलांच्या बाहुल्याच्या धोतरासाठी फार छान आहेत. सॅटिनविषयी मला एवढेच सांगायचे आहे की त्याची चमक मुलांना आवडते, कड खणापेक्षाही वेगाने सुटते आणि शिवण उसवून पुन्हा घातली तर जुनी छिद्रे तशीच दिसत राहतात. मलमल अस्तरासाठी अपरिहार्य आहे, आणि उन्हाळ्यातले बाहुलीचे झबले तिचेच करावे.

पोलके मागून कशाने बंद करावे, यावर मी बराच वेळ घालवला. खरे हूक या मापाला बोजड दिसतात आणि बाहुलीच्या केसांत अडकतात. वेल्क्रो लहान मुलांना उघडझाप करायला सर्वांत सोपी, परंतु तिची खरखरीत बाजू शेजारी ठेवलेल्या खणाचे धागे ओढते. एका डब्यात ठेवलेल्या कपड्यांचे त्यामुळे फार नुकसान झाले. सर्वांत लहान आकाराची दोन प्रेस बटणे मला योग्य वाटली. मात्र आमच्या घरात दीड वर्षाचा नातूही आहे, आणि हाताला लागेल ते तोंडात घालण्याचे त्याचे दिवस आहेत. खेळण्यांसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ९८७३ मध्ये, तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना सुटे लहान भाग असू नयेत, असा नियम आहे, आणि जो भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावतो तो लहान भाग समजला जातो. २०२१ च्या जानेवारीपासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले आहे. घरी शिवलेल्या कपड्यांना कोणी तपासायला येत नाही, म्हणून तर ही काळजी आपणच जास्त घ्यावी. ज्या कपड्यांना बटणे आणि मणी आहेत ते मी वरच्या फळीवरच्या डब्यात ठेवते, आणि खालच्या टोपलीत राहणाऱ्या कपड्यांना फक्त मागून शिवून टाकलेली आखूड नाडी आहे. बटण लावताना दोरा चौपदरी घ्यावा आणि लावून झाल्यावर दातांनी ओढावे तितक्या जोराने बोटांनी ओढून पाहावे.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्या धारवाडच्या जाऊबाईंनी एका पोलक्याच्या गळ्याला कशिद्याची रेघ काढून दिली. धारवाडकडच्या या कशिद्यात, म्हणजे कसुतीत, गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी असे चार टाके असतात, त्यांतला गवंती हा दुहेरी धावदोरा आहे: एकदा जाताना एक घर सोडत जायचे आणि परत येताना ती सोडलेली घरे भरायची. गाठ मारायची नसते आणि दोन्ही बाजूंनी रेघ सारखीच दिसते. गाठ नसल्यामुळे बाहुलीचे केस कुठे गुंतत नाहीत, आणि धागे मोजून काढायचा हा टाका असल्यामुळे तो हवा तितका लहान करता येतो. मलमलीच्या पांढऱ्या पोलक्यावर लाल गवंती काढली आहे, आणि तेवीस कपड्यांतले ते एकच पोलके असे आहे की ज्याच्यापुढे खणाचेही पोलके मला फिके वाटते. कशिदा खणावर मात्र काढू नये. मागचे सुटे धागे सुईत सापडतात आणि मोजणी चुकते.

आमच्या लहानपणी आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीहून येणाऱ्या लाकडी ठकीचे लुगडे रंगवलेलेच असायचे, त्यामुळे तिला काही शिवण्याचा प्रश्न नव्हता. चिंध्यांच्या बाहुलीला आई उरलेल्या खणाची चोळी करायची आणि कड सुटलेलीच असायची. तेव्हा कोणी अस्तर लावत नव्हते. ती बाहुली पावसाळ्यापर्यंतही टिकत नसे. आताच्या बाहुलीला वर्ष झाले, तिचे कपडे आठवड्यातून तीनदा बदलले जातात, आणि अस्तर लावलेल्या खणाच्या पोलक्यांपैकी एकाचीही शिवण अजून गेलेली नाही. दोन परकरांचा नेफा ढिला झाला, तो पुन्हा ओवला. हिरव्या खणाचा रंग थोडा उतरला आहे, आणि माझ्या मते तो आता अधिक शोभतो.

ज्यांना एका दुपारी काहीतरी शिवून मुलाच्या हातात द्यायचे आहे, त्यांनी खणाच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी बारीक ठिपक्यांचे किंवा साधे सुती कापड घ्यावे. ज्यांच्याकडे आधी चार दिवस कापड धुवायला आणि वाळवायला आहेत, अस्तर कापायचा कंटाळा नाही आणि कपडा दोन-तीन वर्षे खेळला जावा अशी इच्छा आहे, त्यांनी खणच घ्यावा. दुकानात जाताना बाहुली पिशवीत घालून न्यावी, ठाण पसरल्यावर कापड तिच्या अंगाशी धरून चार पावले मागे सरकून पाहावे. मी सुरुवातीला हे संकोचाने करत असे. आता खडेबाजारातल्या त्या दुकानात बाहुलीला काउंटरवर उभे करायला दुकानदारच सांगतात.

नातीला यंदाच्या गौरीला बाहुलीसाठी जांभळा खण हवा आहे. गेल्या गुरुवारी विचारून आले. जांभळ्यात आने हेज्जे होती, पण काठ चार सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या कामासाठी फारच रुंद. अरुंद काठाचे ठाण पुढच्या मालात येईल, असे त्यांचे म्हणणे पडले. “अर्धा मीटर तुमच्या नावाने काढून ठेवतो अक्का, आलं की फोन करतो,” असे सांगून त्यांनी वहीत नोंद केली आहे. तोपर्यंत अस्तराची मलमल धुऊन, वाळवून ठेवली आहे.